माणसाला हात लावणारं यंत्र मऊ असलं की झालं का? (सॉफ्ट रोबोटिक्स)

वालदेवी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

माझ्या वडिलांना (आम्ही आप्पा म्हणतो, वय ७१) गेल्या दिवाळीच्या आधी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. पाय आता बराच सुधारलाय, काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात, बोलणंही जवळपास पहिल्यासारखं आहे. पण उजवा हात मुठीत मिटून बसलाय. बोटं आपली आपण उघडत नाहीत, मी एकेक करून उघडते आणि सोडली की परत हळूहळू मिटतात. गेल्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या ठिकाणी एक हातमोजा दाखवला. प्रत्येक बोटावर पन्हळी रबरी नळी, मनगटापासून जाड नळी निघते ती वीतभर डब्यात जाते, डब्यातला पंप हवा भरतो तेव्हा बोटं मिटतात आणि हवा ओढून घेतो तेव्हा उघडतात. तिथला मुलगा म्हणाला हा सॉफ्ट रोबोट आहे, मऊ असल्यामुळे एकदम सेफ, काही होत नाही.

आप्पांनी हात घालायला साफ नकार दिला. सातपूर एमआयडीसीत ३४ वर्षं लेथवर होते ते. शेजारच्या मशिनवरच्या माणसाचा हात शर्टाच्या बाहीसकट आत ओढला गेलेला त्यांनी डोळ्यांनी बघितलाय. म्हणाले, "जन्मभर मी मशिनला हात लावला, मशिनला माझ्या अंगाला हात लावू दिला नाही. आता म्हातारपणी नको."

मला त्यांना खोटा धीर द्यायचा नाहीये. म्हणून विचारते, हे सॉफ्ट रोबोटिक्स नक्की काय प्रकरण आहे, आणि यंत्र मऊ असणं एवढ्यावर त्याच्या हातात माणसाचा हात द्यावा का?

कृष्णाकाठ

ताई, मी याच विषयात काम करतो (मूळचा सांगलीचा, सध्या इटलीत), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नेहमीचा रोबोट म्हणजे लोखंड, मोटार आणि सांधे. पोलाद आणि आपली कातडी यांच्या ताठपणात लाखाच्या पटीत फरक आहे, त्यामुळे तसला हात माणसाजवळ आणायचा तर प्रत्येक हालचाल आधी मोजावी लागते. सॉफ्ट रोबोटिक्सवाले उलटीकडून सुरुवात करतात, ते म्हणतात अंगच रबर, सिलिकॉन, कापड असल्या वस्तूंचं करा म्हणजे मोजणीत थोडी चूक झाली तरी ती चूक रबर पोटात घेईल.

आणि गंमत म्हणजे या विषयाचं मूळ तुमच्या आप्पांसारख्याच एका हातात आहे. जोसेफ मॅककिबेन नावाचे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते, लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेले. त्यांच्या मुलीला पोलिओ झाला, त्यात हात गेले. १९५० च्या दशकात त्यांनी तिच्या बोटांसाठी हवेचा स्नायू केला. आत रबरी फुगा आणि वरून विणलेली जाळी. कांद्याची जाळीदार गोणी आठवा, लांब ताणली की बारीक होते आणि आडवी फुगवली की आखूड होते. तसंच इथे, हवा भरली की जाळी रुंद होते, रुंद झाली की लांबी कमी होते आणि टोकाला बांधलेलं बोट ओढलं जातं. आपला दंडही आखडताना असाच फुगतो. पुढे ८० च्या दशकात जपानच्या ब्रिजस्टोनने, म्हणजे त्या टायरवाल्यांनी, हाच स्नायू रोबोटसाठी बाजारात आणला.

तुमच्या हातमोज्यातली नळी थोडी वेगळी. तिची वरची बाजू पन्हळी असल्यामुळे लांबू शकते, खालची बोटाला चिकटलेली बाजू लांबत नाही, म्हणून हवा भरली की ती सरळ न वाढता वाकते. जत्रेतली फुंकायची कागदी पिपाणी असते ना गुंडाळी उलगडणारी, साधारण त्याच घरातली गोष्ट.

सेफ आहे का या प्रश्नावर उद्या लिहितो, आत्ता लॅबमध्ये जायचंय.

उकडीचा_साचा

किती छान समजावलंत! कांद्याची गोणी लक्षात राहील. वालदेवी, आप्पांना लवकर आराम पडो.

स्पिंडल

आप्पांशी मी शंभर टक्के सहमत. चाकणला रोबोट वेल्डिंग लाइनवर १६ वर्षं झाली. आमच्याकडे रोबोट पिंजऱ्यात असतो, दार उघडलं की लाइन बंद. हे मऊ आहे म्हणून सेफ आहे हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं. ट्रकचा टायर पण रबराचाच असतो. प्रश्न मऊपणाचा नसतो, आत दाब किती आहे, तो कोण मोजतंय आणि काही बिघडलं तर तो किती वेळात सोडला जातो याचा असतो.

आता माणसाशेजारी पिंजऱ्याशिवाय चालणारे कोबॉट आलेत, ते लोखंडाचेच आहेत. त्यांच्यासाठी २०१६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची १५०६६ क्रमांकाची नियमावली आली, त्यात शरीराच्या २९ जागा घेऊन प्रत्येक जागी किती जोर आणि किती दाब चालेल याचे आकडे दिलेत. म्हणजे लोखंडाचं यंत्रसुद्धा मोजून मापून माणसाशेजारी उभं करता येतं. उलट मऊ यंत्राचं टोक आत्ता नक्की कुठे आहे हेच त्याला माहीत नसतं. आमचा वेल्डिंगचा हात दिवसभरात हजार वेळा त्याच बिंदूवर येतो, फरक असलाच तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. सिलिकॉनच्या बोटाला हे जमवून दाखवा.

द्राक्षबाग

स्पिंडलभाऊ, मिलिमीटर कशाला पायजे? आमच्या बाया घड उतरवतात, कोणती मोजपट्टी घेऊन जातात का? मण्यावरची पांढरी भुकटी पुसली गेली की माल एक्स्पोर्टला डाग धरतात, म्हणून देठाला धरायचं, मण्याला बोट लागू द्यायचं नाही. हे त्यांच्या हाताला कळतं. मला बी विचारायचंय की असा मऊ हात द्राक्षाला चालंल का? विरळणीच्या दिवसांत दिंडोरीत मजूर मिळत नाही. वालदेवी ताई, तुमच्या धाग्यात घुसलो, राग नका मानू.

मालवणी_गजाल

खडपात कालवं काढूक गेलं की ऑक्टोपस दिसता कधीकधी. मुठीएवढं डोकं, पण दोन बोटांच्या फटीतसून आत जाता, बगूनच रवाचा. हाडच नाय तर अडकतला काय?

कृष्णाकाठ

गजाल, अगदी नेमकं बोललात. ऑक्टोपसमध्ये सुमारे ५० कोटी मज्जापेशी असतात आणि त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश त्याच्या हातांत असतात. डोकं नुसतं सांगतं "तिकडे जा", कसं जायचं ते हात आपलं बघतो. इथे इटलीत पिसाच्या सांतान्ना संस्थेत चेचिलिया लास्की यांनी २००९ पासून ऑक्टोपसवरच मोठा युरोपियन प्रकल्प चालवला, त्यातून हा विषय युरोपात रुजला. आणि २०११ मध्ये हार्वर्डला जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने सिलिकॉनचा चार पायांचा रोबोट केला, हाड नाही, सांधा नाही, हवेवर चालायचा, आणि २ सेंटिमीटरच्या फटीखालून सरपटत पलीकडे गेला.

स्पिंडल, तुमचा आक्षेप खरा आहे आणि आमच्या क्षेत्रातला तोच सगळ्यात अवघड प्रश्न आहे. लोखंडी हाताच्या प्रत्येक सांध्यात कोन मोजायची चकती असते, सिलिकॉनला सांधाच नाही तर चकती बसवायची कुठे? ते कुठेही, कसंही वाकू शकतं. म्हणून मऊ सेन्सरवर इतकं काम चाललंय. मला स्वतःला आवडणारी युक्ती एमआयटीच्या एडवर्ड एडलसन यांची, २००९ ची. पारदर्शक मऊ जेलची गादी, तिच्यावर चंदेरी लेप, आणि मागे कॅमेरा. वस्तू टेकली की लेपावर ठसा उठतो आणि कॅमेरा तो वाचतो, नोटेवरची उठावाची शाईसुद्धा वाचतो. स्पर्श डोळ्यांनी बघायचा!

द्राक्षबाग दादा, तुमच्यासाठी दोन गोष्टी. २०१० मध्ये शिकागो आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी एक पकड केली, रबरी फुगा आणि त्यात कॉफीची भरड पूड. फुगा वस्तूवर टेकवायचा, पूड तिच्या आकाराभोवती बसते, मग आतली हवा ओढून घ्यायची की पूड विटेसारखी कडक होते. व्हॅक्यूम पॅक केलेली कॉफीची पुडी कशी दगड असते आणि कापली की भुसभुशीत होते, तेच. त्याने कच्चं अंडंही उचललं. पण घडाला हे नको, कारण ते वरून दाबतं. दुसरी युक्ती माशाच्या पराची. माशाच्या पराला बाजूने बोट लावलं तर तो बोटापासून लांब न जाता बोटाकडेच वळतो. तशा त्रिकोणी पट्ट्यांची बोटं फळं आणि खाद्यपदार्थ उचलायला कारखान्यात वापरतात. तरीही बागेतला घड, पानाआड लपलेला, वाऱ्याने हलणारा, आणि देठालाच धरायचा, हे फार पुढचं काम आहे. या हंगामाला मजूरच बघावे लागतील.

द्राक्षबाग

खरं सांगितलं ते बरं केलं. नाहीतर मागच्या प्रदर्शनात एकानं मला यंत्र विकलंच होतं.

फिजिओ_करवीर

वालदेवी ताई, मी कोल्हापूरला फिजिओथेरपिस्ट आहे, मेंदूच्या पेशंटबरोबरच १२ वर्षं काम करतेय. सगळे रबराबद्दल बोलतायत म्हणून मी हाताबद्दल बोलते.

आप्पांची मूठ मिटते ती बोटं कमजोर आहेत म्हणून नाही, मेंदूकडून येणारा लगाम सुटलाय म्हणून मिटवणारे स्नायू सतत ओढून बसलेत. ग्लोव्ह ती बोटं उघडून देतो, सांधे आखडत नाहीत, तळहाताला हवा लागते, पेशंटला जरा मोकळं वाटतं. हे सगळं खरंच चांगलं आहे. पण यंत्राने बोट हलवलं म्हणून मेंदू शिकत नाही. पेशंटने त्या क्षणी "उघड" असं मनात आणायला हवं, बोटांकडे बघायला हवं. टीव्ही बघत अर्धा तास ग्लोव्ह चालू ठेवला तर ते मालिश झालं, व्यायाम नाही.

पुरावाही सांगते, म्हणजे अवास्तव आशा राहणार नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये हाताच्या रोबोटवर मोठा अभ्यास झाला, ७७० पेशंट, २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत रोबोटने हाताचं कामकाज जास्त सुधारलं असं दिसलं नाही. तो रोबोट कडक होता, हातमोजा नव्हता, पण "रोबोट आहे म्हणजे हात येणारच" असं कुणी म्हणालं तर हा आकडा लक्षात ठेवा.

आणि सेफ्टीचं. एका ठिकाणी (नाव घेत नाही) मी स्वतः बघितलंय, पेशंटची वाचा गेलेली, ग्लोव्ह लावून माणूस दुसऱ्या पेशंटकडे गेला. अंगठ्याची नळी वाकडी बसली होती. बाई रडत होत्या पण सांगू शकत नव्हत्या आणि डबा त्यांच्या लुळ्या हाताच्या बाजूला ठेवलेला. रबर मऊच होतं. तेव्हापासून मी डबा कायम चांगल्या हाताखाली ठेवते आणि पहिली पाच मिनिटं फक्त बंद-चालू करायला शिकवते, बाकी काही नाही.

स्पिंडल

फिजिओ ताई, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झालो. आमच्याकडे नवीन पोरगा लाइनवर आला की पहिला तास फक्त लाल बटण कुठे आहे एवढंच शिकवतात. तुम्ही तेच करताय.

निशिगंध

मला जरा वेगळं वाटतं आणि स्पष्ट लिहिते. हे सगळं संशोधन वाचायला छान आहे, पण म्हाताऱ्या माणसांना यंत्राचा हात कशाला हवा? माझी आई सहा वर्षं अंथरुणात होती. तिला पलंगावरून खुर्चीत मी उचलायचे, माझी कंबर कायमची गेली, पण तिला माझा हात हवा असायचा. हिवाळ्यात म्हणायची, "हात गार आहेत तुझे, चोळून ये आधी." रबराला हे कोण सांगणार? उद्या मुलं म्हणतील आईला मऊ रोबोट घेऊन दिलाय, आता आमची गरज नाही.

नागोयाकर

निशिगंध ताई, तुमचं दुखणं समजतं. मी इथे जपानमध्ये अकरा वर्षं आहे, आणि तुम्ही लिहिलेलं काम, म्हणजे पलंगावरून खुर्चीत उचलणं, त्यासाठीच रिकेन या सरकारी संस्थेने इथे नागोयात एका रबर कंपनीबरोबर रोबोट केला होता. २००९ मध्ये पहिला आला, अस्वलासारखं तोंड, हातांवर फोमचं जाड मऊ आवरण आणि त्यात स्पर्शाचे सेन्सर, ६१ किलोचा माणूस उचलायचा. २०११ च्या पुढच्या आवृत्तीने ८० किलोपर्यंत आणि तेही जमिनीवरून. २०१५ ला तिसरी आवृत्ती आली, तिचं स्वतःचं वजन १४० किलो. चित्रं जगभर गाजली, पण ते अस्वल प्रयोगशाळेतून घराघरात काही पोचलं नाही. इथल्या वृद्धाश्रमात मी जाते तिथे अजून पट्ट्याची साधी लिफ्ट आणि दोन मदतनीस असतात.

मला त्यातून कळलेलं एवढंच की कातडी मऊ करणं वेगळं आणि अख्खं यंत्र मऊ करणं वेगळं. आत १४० किलोचं लोखंड असेल तर ते पडलं तर काय, हा प्रश्न राहतोच. आणि तुमच्या कंबरेचा प्रश्नही राहतोच, ताई. आईला तुमचा हात हवा होता, पण उचलायला तोच हात लागावा असं नाही ना? उचलायचं काम कुणी वाटून घेतलं असतं तर हात चोळून तिच्याजवळ बसायला तुम्हाला ताकद उरली असती.

निशिगंध

हो. हे मात्र मी तेव्हा रोज रात्री म्हणायचे.

कृष्णाकाठ

गार हाताबद्दल लिहिलंत म्हणून सांगतो, यावर खरंच प्रयोग झालेत. अ‍ॅलेक्सिस ब्लॉक आणि कॅथरिन कुखेनबेकर या दोघींनी मिठी मारणाऱ्या रोबोटवर काम केलं. ३० माणसं, प्रत्येकाला १२ मिठ्या. कधी रोबोट कडक आणि गार, कधी फोम-कापड गुंडाळून मऊ, कधी मऊ आणि आतून ऊब दिलेला. लोकांना मऊ आणि उबदार मिठी आवडली हे तर आलंच. पण दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो, माणसाने सोडायची खूण केली की लगेच सोडणारा रोबोट लोकांना आवडला. पुढे जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत त्यांनी रोबोटला हवेची छातीच बसवली, आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर आणि एक मायक्रोफोन. तुम्ही पाठीवर हात फिरवला, थोपटलं, दाबलं, हे हवेतल्या दाबावरून आणि आवाजावरून त्याला कळतं. म्हणजे तोच फुगा मऊपणाही देतो आणि कानाचंही काम करतो.

वालदेवी ताई, सेफ्टीचं उत्तर द्यायचं राहिलं होतं ते आता देतो. चूक झालीच तर मऊपणामुळे इजा कमी होते. पण चूक झाली हे यंत्राला कळणं आणि त्याने सोडणं, हे मऊपणातून आपोआप येत नाही, ते वेगळं घालावं लागतं. फिजिओ ताईंनी ते पाच मिनिटांत घातलं, आम्ही त्यासाठी पाच वर्षांचे प्रकल्प करतो.

अंतिम_वर्ष

वाखुसा (वाचनखूण साठवली)! खूप भारी धागा. मी कराडला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमचा प्रोजेक्ट हाच आहे, सिलिकॉनचं बोट. हार्वर्ड आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०१४ मध्ये सॉफ्ट रोबोटिक्सचं टूलकिट सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यातल्या साच्याच्या फाइल्स घेऊन थ्रीडी प्रिंटरवर साचा काढला. पण दोनदा केलं आणि दोन्ही वेळा सिलिकॉन वाळतच नाहीये, कडेला चिकट राहतं, दोन दिवस झाले तरी. सिलिकॉनचे एकत्र मिसळायचे ए आणि बी दोन्ही भाग वजनकाट्यावर अगदी समान घेतले होते. पुढच्या महिन्यात रिव्ह्यू आहे, कुणी सांगेल का?

कृष्णाकाठ

हातमोजे कसले घालता ढवळताना?

अंतिम_वर्ष

लॅबमधले पांढरे, लॅटेक्सचे.

कृष्णाकाठ

सापडलं. तुमचं सिलिकॉन प्लॅटिनमवर घट्ट होणारं आहे आणि लॅटेक्समधलं गंधक त्या प्लॅटिनमला मारतं. नुसता मोजा साच्याला लागला तरी तेवढा भाग चिकट राहतो. नायट्राइलचे मोजे आणा, साचा साबणाने धुवून वाळवा. आणि ओतायच्या आधी मिश्रणातली हवा व्हॅक्यूममध्ये काढा, ते नसेल तर उंचावरून अगदी बारीक धारेने ओता म्हणजे बुडबुडे धारेतच फुटतात. एकही बुडबुडा भिंतीत राहिला तर बोट तिथूनच फुटतं. मिसळल्यावर थोडा वेळ असतो हातात, घाई नको.

उकडीचा_साचा

बारीक धार, बुडबुडा नको, साच्याला आधी नीट पुसून घ्या. मोदकाच्या साच्याची कृती वाचतेय असं वाटलं! अंतिम वर्ष बाळा, साच्याला तुपाचं बोट मात्र लावू नकोस, इथे चालेल की नाही ते दादांना विचार. (हलकं घ्या.)

अंतिम_वर्ष

नायट्राइल घेऊन आलो. काल रात्री ओतलं, आज सकाळी साच्यातून अख्खं सुटलं!!! सायकलच्या पंपाने हवा भरली आणि बोट वाकलं. आमच्या चौघांनी होस्टेलमध्ये जो आरडाओरडा केला तो सांगता येत नाही. दादा, मनापासून आभार.

घाटमाथा

अवांतर नाही असं समजून लिहितो. एवढं सगळं वाचताना मला आमच्या काकांचा पाय आठवत होता. गुडघ्याखाली पाय गेला आणि त्यांनी जयपूर फूट लावला. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो जयपूरला केला. त्याआधीचे परदेशी पाय कडक, बूट घातल्याशिवाय चालायचे नाहीत, मांडी घालायला नको, उकिडवं बसायला नको. यांनी भट्टीत भाजलेल्या रबराचा केला, टाचेला वेगळं मऊ, पुढे वेगळं, म्हणून तो सगळ्या बाजूंनी वाकतो. काका त्या पायावर अनवाणी भाताच्या चिखलात उतरायचे, नदीवर उकिडवे बसून तोंड धुवायचे. ना मोटार, ना बॅटरी, ना सेन्सर. माझ्या मते आपल्याकडचं मऊ यंत्राचं सगळ्यात मोठं उदाहरण तेच आहे, आणि ते एका कारागिराच्या हातून आलं हे मला फार मोलाचं वाटतं.

कृष्णाकाठ

शंभर टक्के. आमच्याकडे ज्याला "अंगानेच विचार करणं" म्हणतात ते हेच, किती वाकायचं हे रबराच्या थरांतच ठरवून टाकलेलं, वरून हुकूम द्यायची गरज नाही. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) प्रा. अनंतसुरेश यांचा गट असंच बिनसांध्याच्या, नुसत्या वाकण्यावर चालणाऱ्या यंत्रणांवर कित्येक वर्षं काम करतोय, त्याचं गणित शिकायचं असेल तर जरूर बघा.

उलट टोकाचं उदाहरण २०१६ मधलं, हार्वर्डचा ऑक्टोबॉट. तळहातावर मावेल एवढा, पूर्ण मऊ, बॅटरी नाही, चिप नाही. पोटात हायड्रोजन पेरॉक्साइड, ते प्लॅटिनमला लागलं की वायू सुटतो आणि बारीक नळ्यांच्या जाळ्यातून आळीपाळीने हातांत जातो. त्याने केलं काय तर हात वर-खाली. पण कडक असा एकही भाग नसलेलं यंत्र आपलं आपण काम करू शकतं एवढं त्याने दाखवलं.

स्पिंडल

आणि मोज्याला मात्र अजून डबा, पंप, नळी सगळं लागतं. घरघर पण करत असेल.

कृष्णाकाठ

लागतं. पंप हे आमचं न सुटलेलं ओझं आहे. म्हणून चालण्यासाठी जे केलं त्यात हवा सोडूनच दिली. हार्वर्डच्या कॉनर वॉल्श यांच्या गटाने कापडी पट्टे आणि केबल वापरून घोट्याला ओढणारा सूट केला, त्याच्यावरून तयार झालेल्या सूटला २०१९ मध्ये अमेरिकेत अर्धांगाच्या पेशंटना चालायला शिकवण्यासाठी परवानगी मिळाली. मोटार कमरेला, पायावर कापड आणि केबल.

वालदेवी

सगळ्यांचे आभार, रोज रात्री आप्पांना धागा मोठ्याने वाचून दाखवत होते म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला. मॅककिबेनच्या मुलीचं ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. स्पिंडल दादा, तुमचं लाल बटण ऐकल्यावर म्हणाले, "हा माणूस खरा कामगार आहे."

शनिवारी परत गेलो. आप्पांनी आधी मोजा घातलाच नाही. डाव्या हाताने नळी उपसली, तोंड गालाजवळ धरलं, मला म्हणाले चालू कर. हवा किती जोराने येते ते गालावर बघितलं. मग विचारलं, बंद करायचं कुठे? बटण डब्यावर होतं आणि डबा टेबलाच्या उजव्या टोकाला. तिथल्या मुलाला म्हणाले, "लेथला बटण तुझ्या सोयीने ठेवतोस का माझ्या?" मग फिजिओ ताईंनी लिहिल्याप्रमाणे डबा डावीकडे घेतला, पाच मिनिटं नुसतं चालू आणि बंद, चालू आणि बंद. मग मोजा घातला.

त्यात एक आरशासारखी सोय निघाली. डाव्या हातात पातळ मोजा घालायचा, त्यात सेन्सर आहेत, डावा हात उघडला की उजवा मोजा उघडतो. ते लावल्यावर आप्पांचा चेहराच बदलला. "हां, आता मशिन माझं ऐकतंय." वीस मिनिटं केलं, माझ्याकडे बघितलंही नाही, नजर बोटांवर. शेवटी खिशातून त्यांनी व्हर्नियर (लेथवाल्यांचं माप घ्यायचं अवजार) काढला, घरून घेऊन आले होते, मला माहीतच नव्हतं. उजवा हात उघडला तेव्हा तळव्यावर ठेवला आणि डावी मूठ मिटली. उजव्या हाताने व्हर्नियर धरला. मोज्याने धरला हे मला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे. तरी बराच वेळ सोडला नाही.

आता आठवड्यातून तीनदा जायचं ठरलंय. काय होईल ते इथेच कळवीन.

द्राक्षबाग

आप्पांना दंडवत सांगा ताई. सातपूरला येणं होतंच माझं, पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा, पेटी आणून देतो. घड मीच उतरवतो, भुकटीसकट.

फिजिओ_करवीर

खूप छान वाटलं वाचून. एक लगेच करा, मोजा काढल्यावर मनगटाच्या पट्ट्याखाली आणि बोटांच्या पेरांवर लाल वळ उठतायत का ते बघा आणि किती मिनिटांत जातात ते लिहून ठेवा. त्या हाताला स्पर्श नीट कळत नसेल तर आप्पांना टोचलेलं समजणार नाही. अर्ध्या तासानंतरही वळ राहिले तर पट्टा एक घर सैल करायला सांगा. आणि खांदा दुखतोय का तेही विचारा, ते आपणहून सांगायचे नाहीत.

वालदेवी

विचारलं. दुखतोय म्हणाले, पंधरा दिवसांपासून. व्यनि करते ताई.